परवाना आला, पुढे काय? दोनशे तासांच्या वैमानिकासाठी एक कृती

वास्कोत वाढलेल्या मुलाला विमानाचं वेड कुणी लावावं लागत नाही. चिखली, बोगमाळो, दाबोळी या पट्ट्यात मिग-२९केचा आवाज आला की घरातलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं आणि मग मागील पानावरून पुढे चालू होतं. अशातलीच काही मुलं-मुली बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर किंवा थेट परदेश गाठतात आणि वर्ष-दोन वर्षांनी कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, घेऊन परततात. पेढे वाटून होतात. मग वाट बघणं सुरू होतं, आणि त्याची तयारी कुणीच करून दिलेली नसते.

अडचण आकड्यांतच आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे सीपीएलला किमान २०० तास उड्डाण लागतं आणि एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्याच्या परवान्याला, १५००. मधल्या १३०० तासांचे पैसे कुणीतरी दिले पाहिजेत, आणि दोनशे तासांच्या मुलाला ते द्यायला सहजासहजी कुणी तयार नसतं. पायलटांचा तुटवडा असल्याच्या बातम्या खोट्या नाहीत. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीची विमानं कशी रद्द होत गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. पण तुटवडा असतो तो तयार वैमानिकांचा. नव्यांची रांग त्याच वेळी लांबच असते.

खालची कृती त्या रांगेत उभं राहण्याची आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पहिलं काम झाल्याशिवाय पुढच्यांना अर्थ नाही.

पहिलं काम: परवाना जिवंत ठेवणं

सीपीएलच्या कागदावर दहा वर्षांची मुदत दिसते आणि मुलं निर्धास्त होतात. पण तो परवाना ज्यांच्या आधारावर चालतो, त्या गोष्टी कितीतरी आधी संपतात. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाचं क्लास वन मेडिकल बारा महिने चालतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षभर. इंग्रजी प्रावीण्याची चौथी पातळी असेल तर तीन वर्षं. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या आणि या तारखा लाल पेनाने मांडा. प्रत्येक तारखेच्या दोन महिने आधी आणखी एक खूण करा, कारण मेडिकलची वेळ मिळायला आणि एखादी तपासणी पुन्हा करायला लागली तर तेवढे दिवस हातात लागतात. कंपनीचं बोलावणं नेमकं इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपल्यावर येतं आणि तोंडाशी आलेला घास जातो, हे या धंद्यात नेहमीचं आहे.

मग लॉगबुक. एक दुपार त्यालाच द्या. पहिल्या पानापासून एकेक रकाना बोटाने उतरत जा: तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारी नोंदणी, ड्युअल, पायलट-इन-कमांड, क्रॉस-कंट्री, रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे तास. प्रत्येक पानाच्या तळाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर तशीच गेली आहे ना, ते बघा. दहा मिनिटांची चूक विसाव्या पानावर झाली तर साठाव्या पानापर्यंत प्रत्येक बेरीज चुकलेली असते. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरच्या नोंदी आणि हातातली वही जुळली पाहिजे. खाडाखोड असेल तिथे एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. पांढरी शाई कधीच नाही. मुख्य प्रशिक्षकाची सही-शिक्का राहिला असेल तर आत्ताच जाऊन घ्या. प्रशिक्षक संस्था बदलतात, आणि कधी कधी संस्थाच बंद पडतात.

कागदांच्या खरेपणाबद्दल इतकं बजावून सांगायला कारण आपल्याच गावचं आहे. जानेवारी २०११ मध्ये दाबोळीला उतरताना एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं. चौकशी सुरू झाली आणि ती वैमानिकाच्या एटीपीएलच्या गुणपत्रिकेपर्यंत पोचली. गुणपत्रिका बनावट निघाली. पाठोपाठ देशभर परवान्यांची तपासणी झाली आणि आणखी काही जण सापडले. तेव्हा न केलेले तास लिहून देणारा कुणी भेटला, तर तिथून निघून या. त्या वहीच्या भरवशावर पुढे शे-दीडशे माणसं तुमच्या मागे बसणार असतात.

दुसरं: घरी हिशेब मांडणं

हे काम मुलं टाळतात, आणि आईवडीलही. कर्जाचा हप्ता किती, तो कधी सुरू होतो, घरातून किती महिने भरता येईल, हे एका कागदावर सगळ्यांच्या समोर लिहा. त्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण, दोन इंजिनांच्या विमानाचे तास, मेडिकल आणि मुलाखतीसाठी दिल्ली-गुरुग्रामच्या फेऱ्या धरा. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे. पुढच्या शिक्षणाचा विचार असेल तर आपण तिच्या अटींत बसतो का, ते महामंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. हा कागद समोर असला की पुढचा प्रत्येक निर्णय शांत डोक्याने घेता येतो. नसला की कुणीतरी ‘हमखास नोकरी’ म्हणतो आणि घर गहाण पडतं.

तिसरं: विमान कंपन्या, आणि टाइप रेटिंगचा मोह

अर्ज सगळीकडे करा, पण कोण काय उडवतं ते माहीत असू द्या. इंडिगो आणि एअर इंडियाकडे एअरबस ए-३२० कुळातली विमानं मोठ्या संख्येने आहेत. आकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेसकडे बोइंग ७३७. अलायन्स एअर आणि इंडिगोकडे एटीआर. आणि एक कंपनी आपल्या दारातली आहे. फ्लाय९१ने १८ मार्च २०२४ला उड्डाणं सुरू केली. तिचा तळ पेडण्यातल्या मोपाला, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर. एटीआर ७२-६०० ही तिची विमानं मोपाहून जळगाव, सोलापूर, अगत्ती अशा ठिकाणी जाऊ लागली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर विमानं उडवते. मराठी मुलुखातल्या छोट्या धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या या कंपन्यांकडे नव्याने कमी लेखून बघू नये. एटीआरवर दिवसाला चार-चार वेळा उतरणारा को-पायलट विमान हाताळायला लवकर शिकतो.

निवड साधारण अशी होते: लेखी परीक्षा, संगणकावरची सायकोमेट्रिक चाचणी, गटचर्चा किंवा मुलाखत, आणि सिम्युलेटर. लेखीत सीपीएलचेच विषय असतात: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल. परवाना मिळाला म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकू नका.

गोव्यात राहणाऱ्यासाठी एक फुकटचा अभ्यास आहे आणि तो रोज करण्यासारखा आहे. दाबोळी आणि मोपा, दोन्हीचे हवामान अहवाल, म्हणजे मेटार, सकाळी शेजारी शेजारी ठेवून वाचा. दाबोळीचं सांकेतिक नाव व्हीओजीओ, मोपाचं व्हीओजीए. पावसाळ्यात दोन्हींत दृश्यता आणि ढगांची उंची वेगळी दिसेल. दाबोळी समुद्राला चिकटून आहे. मोपाचं पठार आत आणि बरंच उंच, त्यामुळे खालून वाहणारा ढग तिथे धावपट्टीवरच टेकतो. आज मोपाला उतरता आलं नाही तर कुठे जाल, किती इंधन धराल, वारा कुठल्या धावपट्टीला सोयीचा आहे, हे वहीत दोन ओळींत लिहा. मुलाखतीत ‘मान्सूनबद्दल सांगा’ असं विचारलं की बाकीचे पुस्तक म्हणतात. तुमच्याकडे मोपाची जून-जुलैची वही असेल.

आता टाइप रेटिंग. एखाद्या विशिष्ट जेट विमानाचं हे प्रशिक्षण स्वतःच्या पैशाने घ्यायचं तर खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. हातात नोकरीचं पत्र नसताना ते घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले, आणि त्या-त्या विमानाचं रेटिंग विकत घेऊन बसलेली नवी मुलं त्यांच्या मागे ढकलली गेली. जेटकडे प्रामुख्याने बोइंग ७३७ होती. ती थांबण्याच्या आदल्याच महिन्यात, मार्चमध्ये, ७३७ मॅक्स विमानं जगभर जमिनीवर आणली गेली होती. अशा वेळी ७३७चं रेटिंग हातात असून काय उपयोग? शिवाय रेटिंग घेऊन काम संपत नाही. ते चालू ठेवायला ठराविक काळाने पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे. कंपनीने निवडलं आणि खर्च तुमच्यावर टाकला, तर तो निराळा प्रश्न. तिथे निदान खर्चाला नोकरीची बाजू आहे.

चौथं: शिकवायला जा

कमी तासांच्या वैमानिकाला तास मिळवून देणारी, थोडाफार पगार देणारी आणि हात तयार करणारी वाट एकच आहे असं म्हणायची वेळ आली, तर मी प्रशिक्षकाची म्हणेन. तरी आपल्याकडे मुलं तिला दुय्यम समजतात. ‘एअरलाइन मिळाली नाही म्हणून इन्स्ट्रक्टर झाला’ असं बोललं जातं आणि घरचेही नाक मुरडतात. अमेरिकेत बहुतेक वैमानिक याच दारातून वर गेलेले आहेत.

सुरुवात असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंगने होते. पात्रतेचे तास आणि इतर अटी डीजीसीएच्या नियमात बघून घ्या, मग प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेशी बोला. जमिनीवरचा अभ्यास, उजव्या सीटवरून ‘पॅटर’चं उड्डाण आणि शेवटी परीक्षा. असिस्टंट प्रशिक्षक वरच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवतो. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकटं सोडण्याचा अधिकार त्याला नसतो. अनुभव वाढला की पुढे फ्लाइट इन्स्ट्रक्टर होता येतं.

पॅटर म्हणजे काय ते जवळून बघण्यासारखं आहे. आजवर तुम्ही डाव्या सीटवर बसलात, डावा हात कंट्रोलवर, उजवा थ्रॉटलवर. आता सगळं उलट. उजव्या सीटवरून धावपट्टीची मधली रेघ वेगळ्या कोनातून दिसते आणि पहिले काही दिवस तुम्ही तिच्या बाजूलाच उतरता. त्यात बोलायचं. सरळ उड्डाणातून डावीकडे वळताना हात काय करतोय, पाय काय करतोय, नजर कुठे आहे, नाक क्षितिजाच्या तुलनेत कुठे ठेवायचं, हे हाताच्या हालचालीच्या नेमक्या त्याच क्षणी तोंडातून यायला हवं. हात पुढे गेला आणि वाक्य मागे राहिलं तर विद्यार्थी गोंधळतो. वाक्य आधी आणि हात नंतर, तरी तेच. हे जमेपर्यंत घरी खुर्चीवर बसून, समोर झाडूचा दांडा धरून मोठ्याने म्हणायचं. शेजारी काय म्हणतील याचा विचार करायचा नाही. हे जमलं की स्टॉल का होतो, हे तुम्हाला पहिल्यांदा खरोखर कळलेलं असतं, कारण दुसऱ्याला समजावताना अर्धवट समज उघडी पडते.

संस्था लांब नाहीत. बेळगावच्या विमानतळावर उड्डाण प्रशिक्षण चालतं. डिचोलीहून साखळी, केरी, चोर्ला घाट चढून गेलं की बेळगाव. बारामतीला एकाहून अधिक संस्था आहेत. १९२८ साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आता धुळ्याला विमानं उडवतो. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी भारतातला पहिला वैमानिक परवाना घेतला तो याच क्लबमधून. जळगाव, शिरपूर, गोंदिया, नागपूर ही नावं यादीत घाला. नुसता मेल पाठवून थांबू नका. दोन जोडी कपडे घेऊन प्रत्यक्ष जा, मुख्य प्रशिक्षकाला भेटा. रोजची उड्डाणं खरंच किती होतात, विमानं चालू स्थितीत किती आहेत, पगार महिन्याचा की तासाचा, हे विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये विचारा. कार्यालयात मिळणाऱ्या उत्तरापेक्षा ते उत्तर खरं असतं.

पाचवं: लहान विमानं

सेसना कॅरॅव्हान हे एका टर्बोप्रॉप इंजिनाचं नऊ-एक प्रवाशांचं विमान. ओडिशात इंडियावन एअर आणि सुरतेत व्हेंचुरा एअरकनेक्ट यांनी त्यावर छोट्या गावांची सेवा चालवली आहे. अलायन्स एअरने एप्रिल २०२२ मध्ये एचएएलचं डॉर्निअर २२८ दिब्रुगड-पासीघाट मार्गावर उतरवलं. फ्लायबिगने ट्विन ऑटर आणली. चार्टर कंपन्यांकडे किंग एअर असतात, तिथे उजव्या सीटला माणूस लागतो. या नोकऱ्यांच्या जाहिराती क्वचित येतात; ओळखीतून आणि चिकाटीने जागा कळतात. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: महिन्याला तास किती, कंपनी पगार वेळेवर देते का, आणि देखभाल कोण करतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर पहिली दोन कितीही चांगली असोत, नको.

सहावं: गणवेश

वास्कोच्या मुलाला नौदलाच्या हंसा तळाचं फाटक रोज दिसतं, पण सीपीएल झाल्यावर सैन्यदलाचा विचार फार थोडे करतात. हवाई दलाच्या एएफकॅटमध्ये फ्लाइंग शाखेची वयोमर्यादा २४ आहे. चालू सीपीएल असलेल्याला ती २६पर्यंत मिळते. नौदलाच्या पायलट प्रवेशातही अशा उमेदवारांना वयाची थोडी सवलत दिली गेली आहे, मात्र तिथे इंजिनिअरिंगची पदवी मागतात. एएफकॅटलाही पदवी हवीच. बारावीनंतर थेट उड्डाणाला गेलेल्यांची इथेच पंचाईत होते. म्हणून वाट बघण्याच्या काळात इग्नूमधून का होईना, पदवी पूर्ण करा. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा तयारीविना बसू नका. आणि निवड झाली तरी तुमचे दोनशे तास बाजूला राहतात. तिथे पुन्हा मुळापासून शिकवतात. ज्याला ते चालेल आणि ज्याला त्या आयुष्याची खरोखर ओढ आहे, त्यानेच जावं.

सातवं: जमिनीवर राहून आकाशाजवळ

हप्ता चालू आहे आणि फोन येत नाही, तेव्हा पगाराची नोकरी धरण्यात कमीपणा नाही. फक्त ती विमानाजवळची असावी. विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅच, क्रू शेड्युलिंग, उड्डाणांच्या नोंदींचं विश्लेषण. मोपाला एअरसाइड ऑपरेशन्स. सीपीएलच्या विषयांचे वर्ग घेणं. यातलं शेवटचं मला सर्वात आवडतं, कारण अभ्यास आपोआप ताजा राहतो. एअर ट्रॅफिक कंट्रोलसाठी विमानतळ प्राधिकरणाची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह परीक्षा असते. तिला भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं, वय २७पर्यंत. तिथे सीपीएल पदवीच्या जागी चालत नाही. मोपाला हे काम प्राधिकरणाकडे आहे, दाबोळीला नौदलाकडे.

ड्रोनचाही विचार करा. नोव्हेंबर २०२१ मध्ये खनिज नियमांत बदल झाला. वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या, किंवा ५० हेक्टर आणि त्यावरच्या, खाणींना दरवर्षी ड्रोनने सर्वेक्षण करून द्यावं लागतं. डिचोलीच्या पट्ट्यात खाणी पुन्हा सुरू होत असताना हे काम दाराशी आहे. ड्रोन नियम २०२१प्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट मान्यताप्राप्त केंद्रातून घ्यावं लागतं. दहावी पास पुरते, पण हवाई क्षेत्राचे नियम कळणारा माणूस त्यात लगेच वेगळा उठून दिसतो. पेडण्यात मात्र आधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडायचा. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांच्या वर जाता येत नाही, आणि त्याच्या आत तर परवानगी लागतेच. ड्रोनचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, हेही लक्षात असू द्या. तो घर चालवण्याचा मार्ग आहे.

आठवं: पोर्तुगालचा कागद

गोव्यात हा विषय प्रत्येक वाड्यावर निघतो. १९ डिसेंबर १९६१च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं आणि युरोपात काम करता येतं. पण भारतीय सीपीएल तिथे तसंच चालत नाही: १३ लेखी विषय, तिथलं मेडिकल, तिथली उड्डाण परीक्षा. आणि पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. त्याबरोबर हवाई दल-नौदलाचं दारही. अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून हा निर्णय घ्यावा, एजंटाच्या टेबलावर नव्हे.

बोलावणं येईल तेव्हा

दर सहा महिन्यांनी घरचा तो हिशेबाचा कागद पुन्हा उघडा. कुठला अर्ज पुढे सरकला, कुठलं दार बंद झालं, पैसे किती उरले, ते लिहा आणि रस्ता बदलायचा तर तेव्हाच बदला.

कंपनीचं पत्र आलं की आनंदात सही करू नका. प्रशिक्षणाचा बाँड किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती भरायचं, प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळणार का, टाइप रेटिंगचा खर्च कुणाचा, कंपनीच प्रशिक्षण लांबवते तेव्हा काय, ही पाच कलमं शोधून वाचा. डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला नोकरी सोडताना सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही हिशेबात धरा. ओळखीच्या वकिलाला एक संध्याकाळ कागद दाखवा. मग सही करा, प्रतीची झेरॉक्स घरी ठेवा आणि मेडिकलची तारीख पुन्हा एकदा तपासून गुरुग्रामचं तिकीट काढा.